सासुरवाडीचं पाणी

मुलगी बघायला गेलेल्या सरांनी निघताना मुलीच्या घरच्या विहिरीचं पाणी बाटलीत भरून आणलं होतं, ही गोष्ट काकूंनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, मला पहिल्याच भेटीत सांगितली. सर तेव्हा नुकतेच एम.एस्सी. झालेले. कांदेपोहे झाले, मुलीला दोनचार प्रश्न विचारून झाले आणि उठता उठता यांनी विचारलं, जरा विहीर बघता येईल का? मंडळींना वाटलं, शेतीचा अंदाज घ्यायचा असेल. सरांनी पोहऱ्यानं पाणी काढलं, खिशातल्या बाटलीत घालून ती तीनदा विसळली, मग भरली, वर चिठ्ठी चिकटवली आणि पिशवीत टाकली. त्यानंतर आठ दिवस काही निरोप नाही. शेवटी मुलीचे वडील चौकशीला गेले तेव्हा त्यांना उत्तर मिळालं, की मुलगी पसंत आहे, पाण्याचा रिपोर्ट यायचा आहे.

"खारं निघालं असतं तं मी आज कुठं असती कोणास ठाऊक," काकू म्हणाल्या.

सर शेजारीच पेपर वाचत होते. मान वर न करता म्हणाले, "खारंच निघालं होतं. पण मर्यादेत."

सर म्हणजे जयपूरच्या एका विद्यापीठातल्या पर्यावरणशास्त्राच्या स्कूलचे प्रमुख. विद्यापीठात हल्ली विभागाला स्कूल म्हणायची पद्धत आहे. त्यामुळे माझी आई साताऱ्यात सगळ्यांना सांगायची की आमची पोर पीएच.डी. होऊन तिकडे शाळेत लागली. मी तिथं कंत्राटी सहायक प्राध्यापक होते. नवऱ्याची विमा कंपनीतून जयपूरला बदली झाली, जगतपुऱ्यात फ्लॅट मिळाला, आणि विद्यापीठ तिथून हाकेच्या अंतरावर, एवढीच माझी निवड. दर जूनमध्ये कंत्राट संपायचं आणि दर जुलैमध्ये पुन्हा मिळायचं. मधला महिना मी घरात सगळ्यांवर खेकसत असे. आज मी जवाहर नगरात एका दुकानाच्या पोटमाळ्यावर लोकांच्या फिल्टरचं पाणी तपासून देते. त्या स्कूलमधली कायमची जागा मला मिळाली नाही आणि मुलाखतीत मी जे सांगितलं त्यानंतर ती मिळणं शक्यही नव्हतं. पण त्याआधी सर सांगायला हवेत.

सरांचे वडील रेल्वेत गार्ड होते. अकोल्याकडून जयपूरला बदलून आले आणि इथंच राहिले. त्यामुळे सरांची मराठी म्हणजे वडिलांच्या काळची वऱ्हाडी, तीत जयपूरची हिंदी मिसळलेली. चारचौघांत मला ते "मॅडमजी" म्हणत आणि खोलीत दोघंच असलो की "बाई". पांढरा पूर्ण बाह्यांचा शर्ट, त्याला ॲसिडनं पडलेली बारीक भोकं. जवाहर नगरातून जगतपुऱ्याला ते एका जुन्या स्कूटरवरून येत. हेल्मेट डोक्यावर असे, पण उतरल्यावर त्यात बाटल्या ठेवून ते प्रयोगशाळेत येत, देवळात नैवेद्य न्यावा तसे. त्यांना कुणी "कैसे हैं सर?" विचारलं तर ते खरोखर उत्तर देत. गुडघ्यापासून सुरुवात करत.

पाणी तपासणाऱ्यांच्यात एक रीत आहे. दहा ठिकाणचं पाणी आणलं की त्याबरोबर अकरावी बाटली असते, तिच्यात यंत्रातून काढलेलं शुद्ध पाणी असतं. तीही तशीच धुतलेली, तशीच गावभर हिंडवून आणलेली. तिला ब्लँक म्हणतात. तिची तपासणी शून्य यायला हवी. शून्य आलं नाही तर समजायचं की घाण गावाच्या पाण्यात नाही, आपल्या बाटलीत नाही तर हातात आहे. साधी गोष्ट आहे आणि पुस्तकात पहिल्या प्रकरणात दिलेली असते. सरांनी तिचा धर्म करून टाकला होता. वर्गात पहिल्या दिवशी ते फळ्यावर एक भलंमोठं शून्य काढत आणि म्हणत, "पहले यह नापना सीखो. बाकी तो दुनिया में सबको आता है."

या धर्माचा त्रास आम्हांला रोज होई. सर सकाळी सगळ्यांच्या आधी येऊन यंत्रातलं शुद्ध पाणी एखाद्या बाटलीत भरत, तिच्यावर कुठल्या तरी गावाचं खोटंच नाव लिहीत आणि ती आमच्या नमुन्यांच्या ट्रेमध्ये गुपचूप ठेवून देत. कोणती बाटली खरी आणि कोणती सरांची ते कुणालाच कळत नसे. एकदा एका विद्यार्थ्याला अशा बाटलीत फ्लोराइड सापडलं. त्यानं हौसेनं त्या गावातल्या लहान मुलांच्या दातांविषयी दोन पानं चिंता लिहिली. सरांनी ती दोन पानं वर्गात सुरात वाचून दाखवली, एकदाही न हसता. मग म्हणाले, हे गाव म्हणजे आपलं यंत्र आहे, बेटा. आजारी आपणच आहोत. त्या मुलानं पुढं बँकेची परीक्षा दिली आणि तो सुखी आहे असं ऐकते.

आमच्यात खरा वाद होई तो मार्च महिन्यात. मार्चमध्ये विद्यापीठ प्रत्येक स्कूलकडून वर्षभराच्या उपलब्धी, म्हणजे काय काय करून दाखवलं ते, मागवतं. बारा पानं, फोटोंसहित. सर अर्धं पान लिहीत. मी रुजू झाले त्या वर्षीचं त्यांचं अर्धं पान मला पाठ आहे. "यावर्षी तीन विद्यार्थ्यांना पाणी तपासता येऊ लागलं. चौथ्याला येईल असं वाटतं. छतावरचं धूळ मोजण्याचं यंत्र अकरा महिने चाललं. एक महिना ते माकडाकडे होतं." एवढंच. खाली सही.

वरून ते पान परत आलं आणि सोबत कळवलं गेलं की नव्या मराठी मॅडमना लिखाणाची आवड आहे म्हणे, त्यांना मदतीला घ्यावं. मला आवड होती की नाही कुणास ठाऊक, पण माझ्या हाताला गुण निघाला. एसी दोन महिने बंद होता. मी लिहिलं, नैसर्गिक वायुवीजनाचा यशस्वी प्रयोग. मोरांनी आमची रोपं खाल्ली होती. मी लिहिलं, परिसरातील जैवविविधतेत लक्षणीय वाढ. दोन विद्यार्थ्यांचं कचरागाडीवाल्याशी भांडण झालं, त्याचा स्थानिक प्रशासनाशी संवाद झाला. बारा पानं मी अडीच दिवसांत भरली. सरांनी ती हिरव्या शाईनं तपासली. मोरांच्या ओळीपुढं त्यांनी लिहिलं, "मोरांना विचारलं का?" बाकी पानांवर नुसत्या उभ्या रेघा. मी रेघा नसलेली नवी प्रत काढून वर पाठवली आणि कुलगुरूंनी माझी पाठ थोपटली. सरांना ते कळलं. ते रागावले नाहीत. फक्त आठवडाभर मला "मॅडमजी" म्हणत राहिले, खोलीतसुद्धा.

मला सरांचा राग येत असे, हे कबूल करते. हा माणूस पेन्शनीच्या उंबरठ्यावर उभा, घर स्वतःचं, मुलगी अमेरिकेत. यांना अर्धं पान परवडतं. माझं कंत्राट बारा पानांवर चालतं. मी एकदा तसं बोललेही. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, बरोबर आहे तुमचं. मग डब्यातला ठेचा माझ्यापुढं सरकवला. वाद जिंकल्यावर समोरच्यानं ठेचा द्यावा याचा मला फार अपमान वाटला, पण ठेचा उत्तम होता.

तिसऱ्या वर्षी नवे कुलगुरू आले आणि त्यांनी जाहीर केलं की हे उपलब्धींचं वर्ष आहे. म्हणजे आधीची वर्षं कशाची होती ते कुणी विचारलं नाही. प्रत्येक स्कूलनं एक मोठं काम करून दाखवायचं, पेपरात यायला हवं, आणि वर्षाअखेरी एक कायमची जागा भरली जाईल. जागा आमच्या स्कूलमध्ये होती आणि ती कुणाच्या डोळ्यांसमोर ठेवली होती हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं.

त्याच सुमारास सरांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं. पंधरा दिवस ते घरी, डोळ्याला हिरवी पट्टी. प्रभारी म्हणून मी. मी ठरवलं, शहराच्या दुसऱ्या टोकाला विश्वकर्मा औद्योगिक क्षेत्राच्या मागं कामगारांची एक वस्ती आहे, तिथलं पाणी तपासायचं. त्या भागात अजून पाणी देणारा एकच हापसा उरला होता. कुलगुरू स्वतः यायला तयार झाले. बॅनर छापला, फोटोवाला आला.

आता धातू तपासायचे असले की पाणी प्लॅस्टिकच्या बाटल्यांत घ्यायचं, काचेच्या नाही, हा सरांचा कडक नियम. कारण आमच्याकडची काच क्रोमिक ॲसिडनं धुतली जायची आणि नावातच आहे तसं त्या ॲसिडात क्रोमियम असतं. ते काचेला थोडं चिकटून राहतं. हे मला ठाऊक होतं. पण फोटोवाला म्हणाला, प्लॅस्टिक में मज़ा नहीं आएगा मैडम, काँच चमकता है. मी काचेच्या बाटल्या घेतल्या. मोजून अकरा होत्या, दहा पाण्यासाठी आणि एक ब्लँकची. तिथं कुलगुरूंना हातात धरायला एक बाटली हवी होती. ती अकरावी मी त्यांना दिली. त्यांनी ती उन्हात वर धरली, वस्तीतल्या बायका मागं उभ्या केल्या, आणि फोटो खरंच छान आला.

पाण्यात क्रोमियम निघालं, कारखान्यांच्या सांडपाण्यातून येतं ते विष. हापशाच्या पाण्यात, शेजारच्या टाकीत, सगळीकडं. मी दोनदा तपासलं. ब्लँक नव्हतीच, ती बाटली कुलगुरूंनी गाडीत नेली होती. तक्त्यात तिच्या नावाची ओळ रिकामी दिसत होती आणि रिकामी ओळ असलेला तक्ता कुणी छापत नाही. मी तिथं शून्य लिहिलं. शून्य यायलाच हवं होतं, तर ते आलं असणार, असं मला अगदी मनापासून वाटलं.

दुसऱ्या दिवशी पेपरात बातमी. तिसऱ्या दिवशी हापसा बंद. त्याच्या दांड्याला साखळी लावली आणि मागच्या भिंतीवर लाल रंगात लिहिलं, पानी पीने योग्य नहीं. ते दिवाळीच्या आधीचे दिवस होते. सर पट्टी काढून परत आले तेव्हा मी पेपर त्यांच्यापुढं ठेवला. त्यांनी बातमी दोनदा वाचली आणि एकच प्रश्न विचारला, ब्लँक? मी म्हटलं, शून्य आलं, सर. ते म्हणाले, "छान." तीन वर्षांत पहिल्यांदा ते मला छान म्हणाले. मला वाटतं, त्या एका शब्दामुळं मी पुढं तोंड उघडलं नाही. खोट्यावर शाबासकी मिळाली की खरं सांगणं दुप्पट अवघड होऊन बसतं.

मार्च आला. या वर्षी बारा पानांची चोवीस झाली होती. आमच्या क्रोमियमला पहिली सहा पानं आणि मुखपृष्ठावर तो फोटो. छापायच्या आधी एक प्रत सरांकडं आली. सरांचा एक डोळा आता नवा होता आणि त्यांना त्याचं अप्रूप होतं. ते झाडाची पानं मोजत, समोरच्या इमारतीवरच्या पाट्या वाचून दाखवत. त्यांनी ते मुखपृष्ठ खिडकीशी नेलं आणि बराच वेळ बघत उभे राहिले. मला वाटलं, फोटो आवडला. ते म्हणाले, "बाई, ही काच आहे नं?" मी म्हटलं, ती फोटोपुरती, सर. ते "हं" म्हणाले आणि प्रत माझ्या टेबलावर ठेवून गेले.

त्यानंतर चार दिवसांनी ट्रेमध्ये एक काचेची बाटली आली. तिच्यावर सरांच्या अक्षरात एका खेड्याचं नाव होतं. नेहमीसारखं खोटं असेल म्हणून मी ती इतरांबरोबर तपासायला लावली. क्रोमियम निघालं. वस्तीच्या हापशात निघालं होतं जवळजवळ तेवढंच. कागद घेऊन मी सरांच्या खोलीत गेले तेव्हा त्यांनी मला बसायला सांगितलं.

"ही माझी सासुरवाडी आहे, बाई," ते म्हणाले. "तिथं मतलब पिठाची गिरणी सोडून दुसरा कारखाना नाही. आणि हे पाणी तिथलंही नाही. आपल्या यंत्रातलं आहे. मी सकाळी भरलं."

त्यांनी वस्तीचं रजिस्टर मागितलं. मी आणून दिलं. त्यांनी बोट फिरवत फिरवत शेवटच्या ओळीवर आणलं.

"हे शून्य मोजलेलं आहे का लिहिलेलं आहे?"

बाहेर कुणीतरी नळ सोडला होता, त्याचा आवाज येत होता. सरांनी रजिस्टर मिटून मला परत दिलं. रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी विचारलं ते भलतंच, की त्या वस्तीतल्या बाया आता पाणी कुठून आणतात. मी म्हटलं, टँकर येतो, आठवड्यातून दोनदा. येतो तेव्हा येतो.

दुसऱ्या दिवशी सरांनी स्वतः जाऊन प्लॅस्टिकच्या बाटल्यांतून पाणी आणलं, ब्लँक लावली, तपासलं. पाणी स्वच्छ होतं. थोडं खारं, मर्यादेत. मग कुलगुरूंकडं बैठक झाली. मी टेबलाच्या टोकाला बसले होते. सर म्हणाले, स्कूलकडून चूक झाली आहे, बातमी मागं घ्यायला हवी, हापसा उघडायला हवा. कुलगुरू भले गृहस्थ, त्यांनी शांतपणे समजावलं की यात चूक कुठं आहे? आधी पाणी खराब होतं, आता स्वच्छ आहे, म्हणजे आपल्या स्कूलनं प्रदूषण शोधलं आणि दूरही केलं. ही तर आणखी मोठी उपलब्धी. दोनचार माना डोलल्या. सरांनी प्रामाणिकपणे विचारलं, दूर कुठल्या पद्धतीनं केलं असं लिहायचं? त्यावर चहा मागवण्यात आला.

चहानंतर कुलगुरूंनी विचारलं, गलती आख़िर है किसकी? सर म्हणाले, काच क्रोमिक ॲसिडनं धुवायची रीत या स्कूलमध्ये मी आणली, तीस वर्षं मी ती चालवली, नवी रीत आली तरी बदलली नाही. चूक माझी. मला हायसं वाटलं. लाज नंतर वाटली, पण आधी हायसं वाटलं, हे लिहूनच टाकते.

जिना उतरताना मी त्यांच्या मागोमाग गेले. आभार मानायचे होते की माफी मागायची होती, मलाच माहीत नव्हतं. त्यांनी वळून बघितलं.

"मी माझ्या वाटचं सांगितलं," ते म्हणाले. "बाकीचं माझं नाही. ते मी कसं सांगू?"

अहवाल त्याच मुखपृष्ठासह छापला गेला. सरांनी पेपरला पत्र लिहिलं, ते आतल्या पानावर शोकसंदेशांच्या खाली आलं. सर प्रमुखपदावरून स्वतःच्या विनंतीनुसार मुक्त झाले, असा कागद निघाला. विनंती त्यांनी केली नव्हती. हापसा बंद व्हायला एक दिवस लागला होता, उघडायला महिना लागला. साखळी काढली आणि भिंतीवरच्या "नहीं" या शब्दावर निळा रंग फासला. निळ्याखालून लाल चांगलं दिसत होतं. मला मात्र प्रभारी प्रमुख केलं आणि मुलाखतीची तारीख कळवली. मी घरी पेढे आणले नाहीत, पण नवऱ्यानं आणले. आमची मुलगी म्हणाली, "आई, मतलब आता तू पक्की झालीस ना?" तिला मी कधी कच्ची दिसले होते कोण जाणे.

मुलाखत सोमवारी होती. आदल्या शुक्रवारी काकूंचा फोन आला. म्हणाल्या, यांना जरा समजाव नं, बाप्पा. दर शनवारी सकाळी तांब्या आणि पेला घेऊन स्कूटरनं जातात त्या वस्तीत. शहराच्या पार त्या टोकाला. त्या हापशाचं पाणी काढतात, तिथंच बसून पितात आणि येतात. बाया पाणी भरत नाहीत म्हणे, भितात. यांना वाटते, मी पिऊन दाखवलं की त्या भरतील. महिना झाला. उन्हाचा पारा बघ, आणि डोळ्याचं ऑपरेशन झालेलं. "माझं ऐकत नाहीत," काकू म्हणाल्या. "तुझं ऐकतील. तुझ्यावर जीव आहे त्यांचा."

शनिवारी सकाळी मी स्कूटीवरून निघाले. त्यांना घेऊन यायचं, एवढंच मनात होतं. नऊ वाजले होते तरी सीकर रोड तापला होता. हापशाजवळ कडुनिंब होता आणि त्याच्या पारावर सर बसले होते. पायांशी तांब्या. मला बघून त्यांना आश्चर्य वाटलेलं दिसलं नाही. सरकून त्यांनी पारावर जागा केली.

बायका हंडे घेऊन समोरून टँकरच्या जागेकडं जात होत्या. सर उठले, हापसा मारून त्यांनी पेला तीनदा विसळला, तांब्या भरला आणि पेलाभर पाणी उभ्या उभ्या प्यायले. प्रत्येक जाणारीला ते म्हणत, पानी अच्छा है, पी लो, गलती हो गई थी. बायका हसून पुढं जात. वेडा म्हातारा निरुपद्रवी असला की लोक त्याला हसून घेतात. मला तो हसण्याचा आवाज सहन होईना.

एक बाई थांबली. चाळिशीची असेल, पिवळी ओढणी, कमरेवर स्टीलचा हंडा. दर शनिवारी थांबत असावी, कारण तिनं ओळखीच्या माणसाशी बोलावं तसं विचारलं, "बाबूजी, हर हफ़्ते बोलते हो गलती हो गई. गलती थी किसकी?"

"मेरी," सर म्हणाले.

"आप तो गिलास भी तीन बार धोते हो. आपसे कैसे हुई?"

या माणसाला खोटं नीट बोलता येत नव्हतं, आणि ती बाई ते ओळखून होती. कारखानदारानं पैसे दिले म्हणून म्हातारा पाणी चांगलं सांगतो, असं वस्तीत बोललं जात होतं, हे मला नंतर कळलं. सरांनी माझ्याकडं बघितलं नाही. हापशाच्या दांड्याकडं बघत राहिले. मला एकदम लक्षात आलं, की हा प्रश्न त्यांना दर शनिवारी विचारला गेला असणार आणि दर शनिवारी ते असेच त्या दांड्याकडं बघत बसले असणार.

मी उठले. माझी हिंदी तेव्हा बरी होती, पण ऐन वेळी शब्द सापडेनात. मी तिला सांगितलं, की गलती मेरी थी. बाटली चुकीची मी आणली. एक तपासणी करायची असते, ती मी केली नाही आणि केली असं लिहून दिलं.

"लिख दिया?" तिनं विचारलं.

"हो. हाँ."

"क्यों?"

मी म्हटलं, नौकरी पक्की होनी थी. फोटो निकल चुका था. ते शब्द तोंडातून बाहेर पडल्यावर किती लहान दिसले, ते मला सांगता येत नाही. तिथं आता पाचसहा बायका जमल्या होत्या. मला वाटलं, कुणी शिवी देईल, आणि दिली असती तर मी घेतली असती. पिवळ्या ओढणीची बाई माझ्याकडं बघत राहिली. मोठ्या मुलीनं दूध सांडून मांजराचं नाव सांगितलं की आई जशी बघते, तसं. तिचा विश्वास बसला, हे मला दिसलं.

"इतनी-सी बात थी," ती म्हणाली, "तो दिवाली में बोल देतीं. मेरा तो कंधा चला गया टैंकर में."

तिनं कमरेवरचा हंडा उतरवून हापशाच्या तोंडाखाली ठेवला. मला वाटलं आता ती दांडा धरेल. ती दोन पावलं मागं सरकली, हातांची घडी घातली आणि दांड्याकडं मान हलवून म्हणाली, "चलाओ."

मी दांडा धरला. दिवाळीपासून फार कुणी न वापरलेला हापसा, जड चालत होता. तिचा हंडा भरला, तिनं उचलला, तर मागं दुसरीनं ठेवला. मग कळशी, मग प्लॅस्टिकचा डबा, पुन्हा हंडा. टँकरच्या रांगेतल्या बायका तिकडून इकडं आल्या. एक घरातून बादल्या घेऊन आली. माझी साडी भिजली, तळहातांना फोड आले, खांद्यातून कळा यायला लागल्या. एकीनंही मला थांब म्हटलं नाही. सर पारावरून उठले, तांब्यातलं उरलेलं पाणी त्यांनी निंबाला घातलं आणि रिकामा तांब्या घेऊन रांगेच्या शेवटी जाऊन उभे राहिले. त्यांची पाळी आली तेव्हा माझे हात भरून आले होते. त्यांनी तांब्या खाली ठेवला, माझ्याकडं बघितलं, आणि तेही थांबा म्हणाले नाहीत.